विजांचे दिवस आणि एक हौशी कर्नल

सिंगापूरला ऋतूच नसतात, असं इथे नवा आलेला प्रत्येक माणूस पहिल्या वर्षी म्हणतो आणि काही वर्षांनी स्वतःच स्वतःला खोडून काढतो. माझं तर ठाम मत आहे की इथे एक ऋतू नक्की असतो आणि तो विजांचा. मार्च सरता सरता तो येतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आकाश निळंशार असतं आणि मग चहाचा कप घेऊन ऑफिसच्या खिडकीशी जावं तर पश्चिमेकडे काळंकुट्ट झालेलं. पाऊस येईल किंवा येणारही नाही, पण वीज येतेच. पोहण्याच्या तलावांतून पोरांना बाहेर काढतात, शाळांची मैदानं ओस पडतात आणि फोनवर सूचना वाजायला लागतात. लोक वैतागतात. मी मात्र खिडकीशी जास्तच वेळ रेंगाळते आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी मला विचारते की तुला कसला एवढा आनंद झालाय.

आनंद त्या एका एप्रिलचा असतो. यंदाही विजा आल्या आणि तो एप्रिल जसाच्या तसा समोर उभा राहिला: कापलेल्या गवताचा वास, तेंबुसूच्या झाडांना आलेल्या फिकट फुलांचा गोडसर दरवळ, आणि हातात काठी घेऊन हिरवळीच्या मधोमध उभे असलेले माझे बाबा.

बाबा म्हणजे तोफखान्यातले निवृत्त कर्नल. आई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून इथे, सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. निखिल, माझा नवरा, पहाटेच कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जातो. मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, वन-नॉर्थला जाते, तिथे एका संशोधन कंपनीचे हिशेब बघते. लेक इरा शाळेत. म्हणजे दिवसभर घरात बाबा, पंखा आणि त्यांचे चकाकते बूट. कुठे जायचं नसलं तरी ते रोज बुटांना पॉलिश करायचे. माणूस रिकामा असला की त्याच्या वस्तू फार स्वच्छ दिसतात, हे मला तेव्हा कळलं.

मग एक दिवस ते फिरायला गेले आणि परत आले ते वेगळेच. बसने थोडं गेलं की नऊ होलचं एक जुनं गोल्फचं मैदान लागायचं. सगळ्यांना खुलं, साधंसुधं. क्लबबिबचा थाट नाही. खेळून झालं की पत्र्याच्या शेडमध्ये बसून कोपी, म्हणजे इथली दाट गोड कॉफी, प्यायची, एवढीच तिथली चैन. बाबांनी नोकरीत असताना साहेबांनी बोलावलं म्हणून रविवारी चार फटके मारलेले होते, तेवढंच. त्या दिवशी कुणीतरी हातात काठी दिली, बाबांनी चेंडू टोलवला, तो म्हणे सरळ गेला. झालं. त्या सरळ गेलेल्या चेंडूचं वर्णन आम्ही वरण-भातापासून ताकापर्यंत ऐकलं.

मला या खेळाचं कधीच काही कौतुक नव्हतं. काठीने चेंडू लांब मारायचा आणि मग आपणच उन्हात त्याच्यामागे चालत जायचं, ह्यात मजा कसली? पण घरात गोल्फ शिरलं ते शिरलंच. आमटीची वाटी आडवी ठेवून हॉलमध्ये चेंडू ढकलण्याचा सराव सुरू झाला. बसस्टॉपवर लांब छत्री उलटी धरून बाबा झोका घ्यायचे आणि खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीबाई टाळ्या वाजवायच्या. बाबा त्यांना सलाम ठोकायचे. बूट तसेच चकचकीत, पण आता त्यांच्या तळाला गवत चिकटलेलं असायचं आणि ते झाडताना मला गाणं म्हणावंसं वाटायचं.

या सगळ्याच्या मागे एक मेजर होता. बाबा नोकरीत असताना उत्तर भारतातल्या एका छावणीच्या ऑफिसर्स मेसमध्ये म्हणे एक जुना फोटो होता: राणी व्हिक्टोरियाच्या काळातला एक मिशाळ गोरा, हातात गोल्फची काठी, पाय रोवून उभा. नाव कुणालाच ठाऊक नाही. मेसमधले जुने लोक सांगायचे की हा तोफखान्यातला मेजर. तापाने हैराण होऊन मायदेशी गेला, नोकरी सोडली आणि ज्या वयात माणसं आरामखुर्ची शोधतात त्या वयात खेळायला लागला. पुढे भल्याभल्यांना त्याने हरवलं. पैसे मात्र कधी घेतले नाहीत, कारण तो हौशी होता. बाबा ही गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगायचे. कधी मेजर उंच असायचा, कधी बुटका. कधी समुद्राच्या वाऱ्यात खेळायचा, कधी धुक्यात. इराला त्यातल्या विसंगती शोधायचा नादच लागला होता.

निखिलने एकदा जेवताना मुद्दाम खोडी काढली. म्हणाला, बाबा, तुमचा हा मेजर आपल्याच लोकांवर तोफा डागायला आला होता ना? मला वाटलं, आता वाद होणार. बाबांनी घास संपवला, पाणी प्यायलं.

“आलाच होता,” ते म्हणाले. “म्हणून तर मला त्याचं नंतरचं आयुष्य आवडतं.”

हौशी हा शब्द मी तोवर जरा नाक मुरडूनच वापरत असे. हौशी नट, हौशी गायक, म्हणजे हौस आहे पण यथातथाच. त्या मेजरच्या काळात म्हणे उलटं होतं. पैशासाठी खेळणाऱ्याला क्लबच्या मागच्या दाराने यावं लागे आणि हौशी माणूस पुढच्या दाराने शिरे. तोही अन्यायच, पण त्या शब्दाला एक रुबाब होता. बाबांकडे बघता बघता मला वाटायला लागलं की हौस ही गोष्ट आम्ही फारच हलक्यात घेतो. छत्तीस जणांची मर्जी राखत आयुष्य काढलेल्या माणसाला सत्तरीत एखादी गोष्ट निव्वळ आवडते म्हणून करता यावी, आणि ती करताना त्याचे कान लाल व्हावेत, ह्याहून मोठी श्रीमंती ती कोणती?

कानांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. बाबांना ऐकू येत नव्हतं. तोफांनी त्यांचा डावा कान पुरता नेला होता आणि उजव्या कानाचे उंच सूर खाल्ले होते. हे आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं, कारण बाबांनी ते एखाद्या लष्करी गुपितासारखं सांभाळलं होतं. ओठ वाचायचे, चेहरे वाचायचे, आणि कळलं नाही की “छान” म्हणायचे. शिवाय ते कर्नल. त्यांनी उत्तर दिलं नाही तर समोरच्याला वाटे आपलंच काही चुकलं. मीही समजत होते की बाबा आता कमी बोलणारे झालेत, आई गेल्यावर होतं तसं. त्यांचं मौन मी दुःखाच्या खात्यावर टाकत होते आणि ते होतं कानाच्या.

लपवायला कारणही भक्कम होतं. विजेच्या दिवसांत मैदानावर भोंगा वाजतो. तो वाजला की खेळ जिथल्या तिथे थांबवून शेडमध्ये पळायचं, हा तिथला सगळ्यांत कडक नियम. ज्याला भोंगा ऐकू येत नाही त्याला एकट्याने मैदानावर कोण सोडेल? आणि घरी कळलं असतं तर मी तरी सोडलं असतं का? बाबांनी मनाशी हिशेब केला असणार: कान कबूल केले तर गोल्फ गेलं.

आणि गोल्फ तसंही जाणारच होतं. त्या जमिनीवर इमारती व्हायच्या होत्या. वर्षअखेर मैदान बंद. म्हणून एप्रिलमध्ये ज्येष्ठ हौशी खेळाडूंसाठी शेवटचा चषक ठेवला होता. फलकावर आधीच्या विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेली होती आणि खाली एका नावापुरतीच जागा उरली होती. बाबांनी तो फलक मला असा दाखवला, जणू काही तिथे त्यांचं नाव लिहायला घेतलेलंच आहे. ह्या परक्या शहरात ते कुणाचे तरी वडील होते, कुणाचे तरी आजोबा होते. स्वतःच्या नावाने कुठेच नव्हते. त्यांना तो चषक हवा होता. मी त्यांना आयुष्यात इतकं काही हवं असलेलं पाहिलं नव्हतं, आणि पाहता पाहता मलाही तो हवासा झाला. मी, जिला काठी कुठल्या बाजूने धरायची हेही माहीत नव्हतं, ऑफिसात बसून हवामानाचे नकाशे बघायला लागले.

किती मजेचे दिवस होते ते! बाबा पहिला सामना जिंकले, मग दुसरा. घरात रोज संध्याकाळी टेबलावर मीठदाणी, लिंबं आणि चमचे मांडून खेळाची चर्चा व्हायची. मीठदाणी म्हणजे झाड, लिंबू म्हणजे चेंडू. निखिल बसमध्ये झोपण्याऐवजी गोल्फचे व्हिडिओ बघायला लागला आणि सल्ले द्यायला लागला, जे बाबांनी एकही ऐकले नाहीत. ते का, हे नंतर कळलं.

अंतिम सामना पडला कोह अंकलशी. कोह अंकल म्हणजे जहाजांच्या गोदीतून निवृत्त झालेले, गोल चेहऱ्याचे, जाडजूड, सदा हसतमुख गृहस्थ. तेच बाबांचे तिथले खरे मित्र. दोघे रोज बरोबर चालायचे आणि कोह अंकल नेहमी बाबांच्या उजव्या अंगाला असायचे. सकाळच्या वेळा इतर गटांनी घेतल्या होत्या म्हणून सामना दुपारी ठेवला होता. विजांच्या दिवसांत, दुपारी! मी सकाळपासून आकाशाकडे बघत होते.

त्या दुपारची एकेक गोष्ट मला आठवते. मी अर्धी रजा टाकली होती. निखिलला येता आलं नाही, तो दर थोड्या वेळाने मेसेज पाठवत होता. इरा शाळेतून थेट गणवेशात आली. गवत कापायच्या यंत्रामागून बगळे चालले होते. एक भलीमोठी घोरपड रस्ता ओलांडायला थांबली आणि दोन्ही खेळाडू तिची वाट बघत अदबीने उभे राहिले. कधी बाबा पुढे, कधी कोह अंकल. मला नियम धड कळत नव्हते, पण इरा समजावून सांगत होती. शेवटचा होल आला तेव्हा दोघे बरोबरीत होते.

कोह अंकलचं खेळून झालं. त्यांचा एक फटका वाया गेला होता. आता बाबांचा चेंडू भोकापासून पाचसहा पावलांवर होता आणि तो एका फटक्यात आत गेला की चषक बाबांचा. आम्ही प्रेक्षक शेडच्या कडेला गर्दी करून उभे. कोह अंकल उतारावर ठेवलेली आपली पिशवी आणायला खाली गेले. बाबा वाकले, उठले, पलीकडे जाऊन अंतर न्याहाळलं, परत येऊन वाकले. पाठ आमच्याकडे.

आणि भोंगा वाजला.

पश्चिमेकडचं काळं कधी डोक्यावर आलं, कुणाला कळलंच नाही. लोक शेडमध्ये घुसले. भोंगा कानठळ्या बसतील असा वाजत होता. मी बाबांकडे पाहिलं. ते तसेच वाकलेले. मी ओरडले, इरा ओरडली. ते हलले नाहीत. आणि मग मी एक विचित्र दृश्य पाहिलं: सगळे शेडकडे धावत असताना कोह अंकल उलटे, उतार चढून, आपलं जड शरीर सांभाळत, दोन्ही हात हलवत बाबांकडे धावत होते.

ते पोहोचायच्या आत बाबांनी चेंडू ढकलला. तो गवतावरून अगदी सावकाश निघाला, भोकाच्या कडेशी जरा रेंगाळला आणि आत पडला. बाबांनी दोन्ही हात वर केले. असे वर, की मला त्यांच्यातला वीस वर्षांचा कॅडेट दिसला. मग ते वळले. समोर धापा टाकणारे कोह अंकल, मागे रिकामं मैदान, आणि दूर आकाशात लखलखाट. त्यांचे हात हळूहळू खाली आले. काय झालं ते त्यांना कुणी न सांगताच कळलं.

शेडमध्ये पंख्याखाली सगळे गोळा झाले. मैदानाच्या व्यवस्थापक मॅडम नूर हळव्या होत्या, पण नियमाला पक्क्या. भोंग्यानंतर फटका मारला की खेळाडू बाद, त्यांनी सांगितलं. मात्र भोंगा वाजल्याचं खेळाडूला कळणं शक्यच नव्हतं असं असेल, तर समितीला माफ करता येतं. म्हणून त्या एकदाच विचारणार होत्या: कर्नल, तुम्ही भोंगा ऐकला का?

बाबा काही बोलायच्या आधी कोह अंकलनीच तोंड घातलं. वारा उलट्या दिशेला होता, ते म्हणाले. भोंगा जुना झालाय, त्या कोपऱ्यात नीट पोचत नाही, सगळ्यांना माहीत आहे. आजूबाजूच्या दोनचार जणांनी लगेच माना डोलावल्या. जो माणूस हरणार होता तोच दार उघडून उभा होता. बाबांनी फक्त मान हलवायची होती. वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही, एवढं म्हटलं की चषकही मिळत होता आणि गुपितही राहत होतं. पत्र्यावर पावसाचे थेंब ताशासारखे वाजायला लागले. मी मनात म्हणत होते, हो म्हणा बाबा, हो म्हणून टाका.

बाबा सरळ उभे राहिले. मॅडम नूरकडे नाही, माझ्याकडे बघत मराठीतच बोलले.

“वारा ठीक होता, मुग्धा. भोंगाही ठीक होता. मला ऐकू येत नाही.”

मग तेच त्यांनी इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा कवायतीच्या आवाजात सांगितलं. डावा कान गेलेला आहे. उजवा अर्धा. कित्येक वर्षं झाली. हे आधी सांगायला हवं होतं आणि समिती जे ठरवेल ते मान्य आहे.

माझ्या डोळ्यांसमोर गेलं अख्खं वर्ष भराभर उलटं फिरलं. अनुत्तरित प्रश्न, “छान”, निखिलचे वाया गेलेले सल्ले. पहिले बोलले ते कोह अंकल, आणि तेही जरा चिडूनच.

“कर्नल, आय नो लाँग टाइम ऑलरेडी लाह. व्हाय यू थिंक आय ऑल्वेज वॉक धिस साइड?”

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले आणि हसायला लागले. आधी बाबा, मग कोह अंकल, मग सगळी शेड. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. समितीची तीन माणसं थंड पेयांच्या कपाटामागे गेली. इरा माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतली. ती दर क्षणाला विचारत होती, “मम्मा, आजोबा वॉन ऑर नॉट?”

मॅडम नूर परत आल्या. खेळाडूला भोंगा ऐकू येणं शक्य नव्हतं, सबब फटका ग्राह्य, चषक कर्नलांचा. आणि एक अट: मैदान बंद होईपर्यंत कर्नलांनी धड कान असलेल्या माणसाशिवाय हिरवळीवर पाऊल टाकायचं नाही. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कोह अंकलचा हात वर गेला होता. मग जो गलका झाला त्याला तोड नाही. कुणीतरी सगळ्यांसाठी कोपी मागवली, कुणी बाबांच्या पाठीवर थापा मारल्या, इरा बाकावर चढून नाचली. वरून विजा कडाडत होत्या आणि त्या पत्र्याखाली आम्ही सगळे अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होतो.

पुढे ते मैदान गेलं. तिथे आता क्रेन उभ्या आहेत. बाबांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि ते कोह अंकलबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला खेळायला जातात, तक्रार करत, की यंत्रामुळे कोहची बडबड आता दोन्ही बाजूंनी ऐकावी लागते. पण यंदाच्या विजा बघताना माझं मन जाऊन थांबतं ते त्या दिवशीच्या परतीच्या बसमध्ये.

पाऊस थांबला होता. इरा पुढच्या सीटवर मैत्रिणींना मेसेज करण्यात गुंग होती. बाबांनी मला मुद्दाम आपल्या उजव्या बाजूला बसवलं. चषक मांडीवर.

“तू रोज जेवताना मला खूप काही सांगतेस,” ते म्हणाले. “त्यातलं मला फारसं कळलेलं नाही. आता पहिल्यापासून सांग. आईचं काहीतरी सांगत होतीस, ते आधी.”

मी त्यांच्या कानाशी सरकले. हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, ते औषधं आणायला खाली गेले होते तेव्हा आई माझ्याशी बोलली होती. ते मी त्यांना इथे आल्यावर लगेच सांगितलं होतं, आणि ते छान म्हणाले होते. आता मी ते मोठ्याने सांगितलं. अख्ख्या बसला ऐकू गेलं असेल. आई म्हणाली होती, ह्यांनी जन्मभर हुकूम पाळले ग. आता त्यांना त्यांच्या हौशीचं काहीतरी करू दे, अडवू नकोस.

बाबांनी चषक दोन्ही हातांनी धरला.

“ऐकू आलं,” ते म्हणाले. “पण पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं.